प्लाझ्मा-पाणी घेण्याआधी मीटर बघा

एका कृषी प्रदर्शनात ठिबकच्या नळ्या आणि पॉवर टिलरच्या गर्दीतही एका टेबलाभोवती माणसं दाटली होती. टेबलावर काचेची बरणी होती. तिच्यातल्या पाण्यात दोन तारा बुडवलेल्या, आणि तारांच्या टोकांशी जांभळी ठिणगी तडतडत होती. मृगाच्या तोंडावर जवळपास कुठं वीज पडली की जो वास येतो, तोच वास तिथं होता. विक्रेता सांगत होता, ‘हवा, पाणी आणि वीज. युरियाची गोणी विसरा.’ माझ्या शेजारी कळंबकडचे एक काका हात मागे बांधून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘लाईट किती खातंय हे?’

‘बल्बाएवढी,’ असं म्हणून विक्रेता पुढच्या माणसाकडे वळला.

काकांचा प्रश्न बरोबर होता. उत्तरही खोटं नव्हतं, फक्त अर्धवट होतं. बल्बाएवढी लाईट खाऊन ते यंत्र दिवसाकाठी नत्र किती देतं, हे सांगायचं राहिलं. असं यंत्र तुमच्या दारात आलं, तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला कुणी दरपत्रक दिलं, किंवा महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी ‘सर, पाण्यात प्लाझ्मा करायचाय’ म्हणून उभा राहिला, तर काय विचारावं, काय मोजावं आणि कशापासून चार हात लांब राहावं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. विज्ञान अस्सल आहे, हे आधीच सांगतो. गडबड होते ती ते कुठं वापरायचं यात.

बरणीत काय घडतं

वायूवर पुरेसा विद्युतदाब आला की त्याच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू उजळत वीज वाहून नेऊ लागतो. या अवस्थेला अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिलं. ट्यूबलाईटच्या नळीत प्लाझ्माच असतो आणि आकाशातल्या विजेतही. पाण्यात थेट ठिणगी पाडायची तर प्रचंड विद्युतदाब लागतो. म्हणून यंत्रं बनवणारे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ठिणगी बुडबुड्यात पाडतात, किंवा पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित वर ती नाचवतात. वायूत ठिणगी पाडणं पाण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

ठिणगीशेजारचा पाण्याचा रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल हा अतिशय भुकेला तुकडा सुटतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचा तो लचका तोडतो. असे दोन तुकडे एकमेकांना भेटले तर हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होतं. दुसरीकडे हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रिक ऑक्साईड होतं, त्याचं पुढं नायट्रोजन डायऑक्साईड होतं आणि ते पाण्यात विरघळून नायट्राईट व नायट्रेट बनतं. थोडा ओझोनही असतो. पाणी आंबट होत जातं आणि स्वच्छ पाण्याचा सामू सातवरून तीनच्या आसपासही उतरतो. या पाण्याला ‘प्लाझ्मा-पाणी’ म्हणतात.

रसायनशास्त्राला यात शाश्वत काय दिसतं, तेही न्यायानं सांगायला हवं. पेरॉक्साईड किंवा नायट्रिक आम्ल एरवी मोठ्या कारखान्यात बनतं आणि कॅनमधून, टँकरमधून गावापर्यंत येतं. इथं ते साध्या तापमानाला, लागेल तिथं आणि लागेल तेवढंच बनतं. कळ दाबली की काम सुरू, ढग आला की बंद. सौर पॅनेलच्या लहरी स्वभावाशी जुळवून घेईल असं रसायनशास्त्र फार थोडं आहे, त्यातलं हे एक.

कल्पनाही नवी नाही. हवेत ठिणग्या पाडून नायट्रिक आम्ल मिळतं, हे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली दाखवलं. द्रावणाच्या पृष्ठभागावर ठिणगी धरून चांदीच्या क्षारातून चांदी वेगळी करण्याचा प्रयोग गुबकिन यांनी १८८७ साली केला. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात सुशांत सेनगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणातल्या विद्युतअग्राभोवती चमकणाऱ्या प्लाझ्मावर अनेक वर्षं मूलभूत काम केलं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत विकास राठोड आणि सुधीर कुमार नेमा यांनी प्लाझ्मा-पाणी तयार करून वाटाण्याच्या बियाण्यावर तपासलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे माटुंग्याच्या आयसीटीत, उदय अन्नपुरे आणि राजेंद्र देशमुख यांच्या गटानं थंड प्लाझ्माचा तांदळावर होणारा परिणाम पाहिला. अन्न आणि शेतीतल्या प्लाझ्मा-पाण्याचा आढावा घेणारा जो निबंध २०१८ साली आला, त्याच्या लेखकांतही अन्नपुरे आहेत. याच आयसीटीचा मराठवाडा परिसर जालन्याला आहे. म्हणजे विचारायला जागा आपल्या विभागातच आहे, अहमदाबादची गाडी पकडायची गरज नाही.

विजा झाल्या की रान हिरवं होतं?

हे वाक्य आपल्याकडं घरोघर ऐकू येतं आणि यंत्रवाले ते हमखास वापरतात. आकाशातली वीज नत्र देते, मग आमची वीज का देणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. वीज नत्र देते, हे खरं. पण किती देते? पृथ्वीवरच्या सगळ्या विजा मिळून वर्षाला साधारण ५० लाख टन नत्र बांधतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जमीन आणि समुद्र धरून पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५,१०० कोटी हेक्टर आहे. भागाकार केला तर हेक्टरी वर्षाला १०० ग्रॅम, म्हणजे एकरी ४० ग्रॅम नत्र. बालाघाटच्या डोंगरावर विजा जास्त पडतात असं धरून याला पाचानं गुणलं, तरी एका एकराला वर्षाकाठी अर्धा किलो युरियाही मिळाला असं होत नाही. पहिल्या पावसानंतर रान हिरवं होतं त्याचं मोठं श्रेय भिजलेल्या मातीत जाग्या झालेल्या जिवाणूंना आहे. उन्हाळाभर कोरडे पडलेले सेंद्रिय अवशेष ते कुजवतात आणि अडकून पडलेलं नत्र मोकळं करतात. वीज कडाडते म्हणून लक्षात राहते. जिवाणू आवाज करत नाहीत.

आता गोणीचा हिशोब

नीमलेपित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. अनुदान धरून शेतकऱ्याला एक किलो नत्र साधारण १३ रुपयांना पडलं.

यंत्राचा हिशोबही याच पद्धतीनं मांडायचा. विक्रेत्याकडून तीन आकडे घ्या: यंत्र किती वॅटचं, एका वेळी किती लिटर पाणी किती मिनिटांत तयार होतं, आणि त्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम नायट्रेट येतं. समजा, त्यानं सांगितलं की १०० वॅट, एक लिटर, अर्धा तास आणि १०० मिलिग्रॅम. अर्ध्या तासात १०० वॅट म्हणजे ०.०५ युनिट. नायट्रेटच्या वजनात नत्राचा वाटा २२.६ टक्के, म्हणजे लिटरमागे २२.६ मिलिग्रॅम नत्र. एक किलो नत्रासाठी सुमारे ४४ हजार लिटर पाणी आणि २,२०० युनिट वीज लागली. युनिटला आठ रुपये धरले तर एका किलोचे साडेसतरा हजार रुपये होतात.

गोणीभर नत्र हवं असेल तर पाणी नऊ लाख लिटरच्या वर जातं. दहा हजार लिटरचे ९२ टँकर. टँकर म्हणजे काय हे आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी घेतलेले आकडे उदाहरणाचे आहेत; यंत्र चांगलं असेल तर ते सुधारतील. दहा पट चांगलं यंत्र आणलं तरी किलोला २२० युनिट लागतात. इथं कुणीतरी म्हणतंच, ‘शेतीपंपाचं बिल तर माफ आहे.’ साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मिळणारी ती सवलत पंपासाठी आहे, खत बनवण्यासाठी नाही. तिच्या भरवशावर यंत्राचा फायदा दाखवणारा माणूस तुमच्या गळ्यात कटकट बांधतोय, हे ओळखा.

जगात हा धंदा एकदा खरोखर चालला होता, आणि तो का चालला हे बघण्यासारखं आहे. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्कलँड १९०३ साली विजेवर चालणारी तोफ लोकांसमोर उडवून दाखवत होते. तोफेत शॉर्टसर्किट झालं आणि प्रचंड विद्युतज्योत उसळली. तोफ फसली, पण साम आयदे नावाच्या उद्योजकाला विजेच्या जोरावर हवेतलं नत्र बांधायचं होतं आणि बिर्कलँडकडं ती ज्योत होती. दोघांच्या पद्धतीवर १९०५ साली नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. धबधब्यांची वीज जवळजवळ फुकट होती म्हणून हे जमलं. त्या पद्धतीत एका किलो नत्राला ४५ ते ५० युनिट लागत. अमोनिया बनवण्याच्या हेबर-बॉश पद्धतीत आज साधारण १० युनिटांइतकी ऊर्जा लागते, तीही मुख्यतः नैसर्गिक वायूतून येते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात हेच चालतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द नॉर्स्क हायड्रोनंही ज्योत सोडून हेबर-बॉशचा रस्ता धरला. धबधबे घरचे असूनही.

आज बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात आणि इतरत्र हा खर्च खाली आणण्याची शर्यत चालू आहे आणि तिच्यात प्रगतीही होते आहे. कौडगावच्या माळावर सौर पॅनेल आली, दुपारची वीज कधी जवळजवळ फुकट म्हणावी इतकी स्वस्त झाली, तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. तोवर कागद-पेन्सिल जवळ ठेवा. प्रत्येक यंत्राला एकच माप लावा: किलो नत्रामागे किती युनिट. पन्नासच्या वरचा आकडा आला तर ते १९०५ सालच्या यंत्राहून मागं आहे, असं विक्रेत्याला हसून सांगा.

आणि सोयाबीनवाल्यांनी तर या फंदात पडूच नये. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बिनविजेचं बांधतात. मुळाशी तयार नायट्रेट ओतलं तर गाठी कमी धरतात, आणि प्लाझ्मा-पाण्यातलं पेरॉक्साईड रायझोबियमला मारक ठरू शकतं. त्या जिवाणूंचं पाकीट घेऊन सावलीत बीजप्रक्रिया करणं, हाच आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात स्वस्त नत्र कारखाना आहे.

मग उपयोग कुठं?

जिथं काही लिटर पाण्यात काम भागतं आणि मोल किलोत मोजायचं नसतं, तिथं. बियाणं हे त्याचं पहिलं ठिकाण. एकराला ज्वारीचं बी चार-पाच किलो लागतं, त्याला भिजवायला बादलीभर पाणी पुरतं. बादलीभर पाण्याला एखादं युनिट खर्च झालं तर कुणाचं बिघडत नाही. प्लाझ्मा-पाण्यात बी भिजवलं तर उगवण लवकर होते आणि बियाण्यावरची बुरशी कमी होते, असे निष्कर्ष जगभरातल्या बऱ्याच प्रयोगशाळांतून आलेत. तुमच्या रानात तसं होईल का, हे मात्र तुम्हीच तपासायचं. त्यासाठी महागडं काही लागत नाही, गोणपाट आणि शिस्त लागते.

प्रयोग हरभरा, ज्वारी किंवा कोथिंबिरीवर करा. सोयाबीनवर करू नका, कारण सोयाबीनचं बी पाणी झपाट्यानं ओढतं, त्याची साल फाटते आणि साध्या पाण्यात भिजवूनही त्याची उगवण बिघडते. मग दोष पाण्याचा की प्लाझ्माचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

बहुतेकजण दोनच ढीग करतात, कोरडं बी आणि प्लाझ्मा-पाण्यात भिजवलेलं बी. भिजवलेलं लवकर उगवतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. अहो, हरभरा रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून पेरला तरी लवकरच उगवतो! म्हणून ढीग चार हवेत. एक कोरडा. दुसरा साध्या पाण्यात भिजवलेला. तिसरा प्लाझ्मा-पाण्यातला. चौथा ‘नकली’ प्लाझ्मा-पाण्यातला, म्हणजे तेवढ्याच सामूचं, तेवढंच नायट्रेट आणि पेरॉक्साईड असलेलं साधं मिश्रण. ते पोटॅशियम नायट्रेट, औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साईड आणि किंचित विरल आम्ल यांतून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बनतं. हा चौथा ढीग सगळ्यांत महत्त्वाचा. तो तिसऱ्याच्या बरोबरीनं उगवला, तर तुम्हाला यंत्र नको, पाच रुपयांचं रसायन पुरतं. तिसरा स्पष्टपणे पुढं गेला, तरच ठिणगीनं काहीतरी वेगळं दिलं असं म्हणता येईल.

प्रत्येक ढिगात शंभर-शंभर दाण्यांचे चार गट ठेवा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा आणि हरभरा-ज्वारीचे कोंब चार ते आठ दिवसांनी, कोथिंबिरीचे त्याहून उशिरा मोजा. खरिपाआधी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता आपण अशीच बघतो, त्यामुळं हात सरावलेला असतोच. मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे सांगू नका. चिठ्ठ्यांवर नुसते आकडे लिहा. शंभरात ८८ आणि ९२ आले तर त्याला फरक म्हणू नका, तो नशिबाचा खेळ आहे. चारही गटांत दहा-बारा दाण्यांचा फरक एकाच बाजूला पडत असेल, तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात वही घेऊन जा.

बुरशीचं बोलायचं तर तुलना योग्य उपायाशी करा. ज्वारीच्या काणीसाठी किलोला चार ग्रॅम ३०० मेशचं गंधक चोळायची शिफारस जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहे. प्लाझ्मा-पाण्याला तिच्यापुढं उभं राहायचंय, काहीच न केलेल्या बियाण्यापुढं नाही.

दुसरं ठिकाण भांडी आणि भाजीपाला धुण्याचं. भूम परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत, दूध संकलन आहे. तिथं जंतू मारायला ताजं प्लाझ्मा-पाणी उपयोगी पडू शकेल असं रसायनशास्त्र सांगतं. पण खाद्यपदार्थाला लागणाऱ्या कुठल्याही पाण्यासाठी अन्नसुरक्षेचे नियम आधी येतात. यंत्रवाल्याकडं त्याची लेखी मान्यता मागा. ती नसेल तर चहा पाजून रवाना करा.

तुमच्या बोअरचं पाणी आणि त्यांच्या बरणीतलं पाणी

प्रदर्शनात बरणीत असतं ते बहुधा आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. आपलं पाणी काळ्या पाषाणातून येतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. इथं यंत्राची खरी परीक्षा होते. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्याची अल्कता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. तेवढी अल्कता मारायला लिटरमागे सहा मिलिमोल आम्ल लागतं. वर उदाहरणाला घेतलेल्या १०० मिलिग्रॅम नायट्रेटसोबत जेमतेम दीड मिलिमोलच्या आसपास आम्ल येतं. म्हणजे सामू तीनवर उतरणं दूर, तो सातच्या आसपासच राहील. जंतू मारण्याची आणि बुरशी रोखण्याची बरीचशी ताकद त्या आंबटपणात असते, ती तिथंच गेली. शिवाय क्षारयुक्त पाणी वीज सहज वाहून नेतं, त्यामुळं पाण्यात बुडवलेल्या तारांची यंत्रं ठिणगी पाडण्याऐवजी पाणी तापवत बसतात.

उपाय साधा आहे. प्रात्यक्षिकाला जाताना घरून पाच लिटरचा कॅन भरून न्या आणि म्हणा, ‘या पाण्यावर करून दाखवा.’ सोबत सामूच्या कागदपट्ट्या ठेवा आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात त्या नायट्राईट-नायट्रेट पट्ट्याही. टीडीएस मीटरवर विसंबू नका. आकडा वाढला एवढंच तो सांगतो, काय वाढलं ते सांगत नाही. मूठभर मीठ टाकलं तरी तो तसाच वाढतो.

कॅन भरताना विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या. त्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम निघालं, तर पिण्याच्या पाण्याची मानक मर्यादा तिथंच संपते. पण शेतकरी म्हणून दुसराही अर्थ काढा: अशा पाण्याच्या दर एक लाख लिटरमागे, म्हणजे एकरावर साधारण एक इंच पाणी दिलं की, एक किलो नत्र रानात जातंच आहे. तेवढं खतातून वजा करा. कसलंही यंत्र न घेता झालेली ही कमाई आहे.

पिण्यासाठी म्हणून कुणी प्लाझ्माचं यंत्र विकत असेल तर थेट नाही म्हणा. त्यात नायट्राईट तयार होतं, ते लहान मुलांना घातक आहे. आणि फ्लोराईड किंवा क्षार काढण्याचा दावा तर शाळेतल्या मुलानंही खोडावा असा. फ्लोरीन हे मूलद्रव्य आहे, ठिणगीनं ते जळत नाही. होतं तिथंच राहतं.

कारखान्यातल्या केमिस्टसाठी एक वेगळा परिच्छेद

आसवनीच्या स्पेंटवॉशचा गडद तपकिरी रंग प्लाझ्मानं फिका होतो, हे तुम्हाला कुणी व्हिडिओत दाखवलं असेल. रंग जाणं म्हणजे प्रदूषण जाणं नव्हे. रंग देणारा बंध तुटला तरी रेणूचे तुकडे पाण्यातच असतात, म्हणून सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजायला सांगा. मळीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा सीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, म्हणजे शंभर ग्रॅम. एखाद्या यंत्रानं युनिटला दहा ग्रॅम सीओडी काढला असं उदार मनानं धरलं, तरी एका लिटरला दहा युनिट झाले, आणि एका लिटर अल्कोहोलमागं स्पेंटवॉश दहा लिटरच्या आसपास निघतो. याउलट बायोगॅसच्या टाकीत हाच सीओडी किलोला तत्त्वतः ३५० लिटर मिथेन देतो. जे इंधन देऊ शकतं, त्यावर वीज जाळायची कशाला? सगळी प्रक्रिया झाल्यावर उरलेल्या, चिवट, पण थोड्या पाण्यासाठी प्लाझ्माचा विचार करता येईल. तोही करण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसीटीत पोकळीभवनावर, म्हणजे पाण्यात बुडबुडे फोडून प्रदूषण तोडण्यावर, जे काम झालंय ते वाचा. हायड्रॉक्सिलचे तुकडे तिथंही मिळतात आणि फिरवायला नुसता पंप लागतो.

विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या सरांशी

विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात असो की उमरग्याच्या, परंड्याच्या महाविद्यालयात, हा विषय प्रकल्पासाठी सुरेख आहे. मिथिलीन ब्ल्यूचं निळं पाणी समोर फिकं होताना पाहणं यात खरी मजा आहे. दर पाच मिनिटांनी नमुना काढायचा, कलरीमीटरवर मोजायचा, भिंतीच्या प्लगला लावलेल्या युनिट मीटरवर वीज वाचायची आणि ‘युनिटला किती ग्रॅम रंग तुटला’ हा आकडा काढायचा. नळाच्या, बोअरच्या आणि डिस्टिल्ड पाण्यात तो आकडा कसा बदलतो, हे इथल्या तीन-चार तालुक्यांच्या पाण्यावर करून पाहिलं, तर तो प्रकल्प मुंबई-पुण्याच्या प्रकल्पाची नक्कल राहणार नाही. यंत्राच्या पाटीवरचे वॅट घेऊ नका; प्लगवरचे घ्या. विजेचा बराचसा भाग ट्रान्सफॉर्मर तापवण्यात जातो आणि पाटी ते लपवते.

आता रागावून सांगायची गोष्ट. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून ठिणगी पाडण्याचे व्हिडिओ फिरतात. त्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब आणि माणूस जागीच मरेल एवढा प्रवाह येतो. पाणी, धातू आणि उघडी तार एका टेबलावर असताना ‘एका हातानं धरतो, काही होत नाही’ हे वाक्य म्हणणारा मुलगा मला कुठल्याही प्रयोगशाळेत नको. प्रवाहावर मर्यादा घालणारा, बंदिस्त, संस्थेनं तपासलेला वीजस्रोत नसेल तर हा प्रकल्प करू नका. दुसरे शंभर विषय आहेत. स्रोत असेल तरीही प्रयोगावर पारदर्शक झाकण हवं, झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच हवा, आणि बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री हवी. एकट्यानं, रात्री, कोणी नसताना तर मुळीच नाही.

ठिणगीच्या त्या ओळखीच्या वासाकडंही लक्ष द्या. त्यात ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साईड असतात. मृगाच्या मोकळ्या रानात तो वास सुखद वाटतो. बंद खोलीत अर्धा तास घेतला तर घसा धरतो, दम्याच्या माणसाला त्याहून वाईट. धूरपेटी नसेल तर खिडक्या उघडा, पंखा बाहेरच्या दिशेनं लावा आणि वास येऊ लागला की यंत्र बंद करा.

तयार पाणी फार काळ ठेवून उपयोग नसतो. नायट्राईट आणि पेरॉक्साईड आंबट पाण्यात एकमेकांना संपवतात. थंड ठेवलं तर जरा जास्त टिकतं, उन्हात लवकर उतरतं. मागच्या आठवड्याचं पाणी बाटलीत विकणाऱ्याकडं नायट्रेटचं पाणी असेल, प्लाझ्माचं नव्हे. प्रयोग त्याच दिवशीच्या पाण्यावर करा, बाटलीवर तारीख-वेळ घाला आणि दर वेळी सामू पुन्हा मोजा.

उरलेलं पाणी बांधावरच्या झाडाच्या बुंध्याशी, चार ठिकाणी पसरून ओता. हौदात किंवा डोणीत टाकू नका, आणि बादली भरलेली दारात सोडून जेवायला जाऊ नका. शेळी बादलीत तोंड घालते, आणि नायट्रेट-नायट्राईट रवंथ करणाऱ्या जनावराच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतात.